बटर की मार्जरीन? आधी पाकीट उलटं करा

रूममेटचा वाढदिवस उद्यावर आलाय. पाच जणांनी साठ-साठ रुपये काढलेत, म्हणजे हातात ३०० रुपये. विकतचा केक आणला तर मेणबत्तीलाही काही उरणार नाही, म्हणून घरीच करायचं ठरतं. रेसिपी मोबाइलवर आहे, ओटीजी कुणाच्या तरी ताईकडून उसना मिळालाय, मैदा-साखर-अंडी आणून झालीत. आता तुम्ही किराणा दुकानाच्या फ्रीजसमोर उभे आहात. रेसिपीत लिहिलंय, बटर २०० ग्रॅम. फ्रीजमध्ये एका बाजूला बटरची पाकिटं आणि शेजारी तसाच पिवळा रंग, तशीच चकचकीत अक्षरं असलेले पण बरेच स्वस्त डबे. दुकानदार काका म्हणतात, "घ्या हो, सेम टू सेम!"

सेम टू सेम ते नाहीच. पण म्हणून डोळे मिटून बटर घ्यायचं, असंही नाही. बऱ्याच केकमध्ये बटरवर घातलेले पैसे अक्षरशः ओव्हनमध्ये जातात आणि खाणाऱ्याच्या जिभेला पत्ताही लागत नाही. दुसरीकडे एखाद्या बिस्किटात तीस रुपये वाचवायला जाता आणि सगळा घाणाच फुकट जातो. हे कुठे कळतं? पाकिटाच्या मागच्या बाजूला. तेव्हा आधी ते उलटं करा.

डब्यात नक्की काय आहे?

आपल्याकडे खाद्यपदार्थांचे नियम एफएसएसएआय ठरवते. त्या नियमांप्रमाणे पावाला लावायच्या टेबल बटरमध्ये दुधाचा फॅट किमान ८० टक्के असावा लागतो. उरलेल्यात मुख्यतः पाणी, थोडं मीठ आणि दुधातले घन पदार्थ. मार्जरीनमध्येही फॅट ८० टक्केच हवा, फक्त तो वनस्पती तेलांपासून केलेला असतो. इथपर्यंत सोपं आहे. गोची पुढे आहे. किराणा दुकानाच्या फ्रीजमधल्या ज्या डब्याला आपण सरसकट मार्जरीन म्हणतो, त्यावर बारीक अक्षरात अनेकदा 'फॅट स्प्रेड' असं लिहिलेलं असतं. फॅट स्प्रेड हा वेगळा प्रकार आहे. त्यात फॅट ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये कुठेही चालतो. बाकीचं बहुतेक पाणी.

म्हणजे स्वस्त डबा घेताना तुम्ही कदाचित पाणी विकत घेताय. जरा हिशोबच करू. सप्टेंबर २०२५ मध्ये बटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा अमूलच्या १०० ग्रॅम बटरची किंमत ६२ वरून ५८ रुपये झाली. त्यात ८० ग्रॅम फॅट. ५८ भागिले ८०, म्हणजे एक ग्रॅम फॅट साडेबहात्तर पैशांना पडला. आता समजा शेजारचा फॅट स्प्रेड १०० ग्रॅमला ३५ रुपये आहे आणि त्यात फॅट ५० टक्के आहे. ३५ भागिले ५०, सत्तर पैसे. पाटीवर २३ रुपयांचा फरक दिसत होता, तो खरा निघाला ग्रॅममागे अडीच पैशांचा! आणि वर केकमध्ये नको तेवढं पाणी गेलं ते वेगळंच.

खरं बेकरी मार्जरीन वेगळीकडे मिळतं. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या आसपास, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडे, किंवा तुमच्या गावात केकचे डबे, रंग, पुठ्ठ्याचे बॉक्स विकणारं जे दुकान असेल तिथे विचारा. समजा अर्धा किलो १२० रुपयांना मिळालं, तर त्यात ४०० ग्रॅम फॅट, म्हणजे ग्रॅमला ३० पैसे. इथे मात्र बचत खरी आहे. मागताना 'केकचं' म्हणून सांगा. बेकऱ्यांसाठी मार्जरीनचे प्रकार असतात. केकचं वेगळं, क्रीमचं वेगळं, आणि खारी-पफसाठी लागतं ते आणखी वेगळं. खारीचं मार्जरीन मुद्दाम घट्ट केलेलं असतं, लाटताना वितळू नये म्हणून. ते केकमध्ये घातलंत तर खाणाऱ्याच्या टाळूला मेणासारखा थर बसेल.

याच हिशोबात आणखी दोन गोष्टी घालू, कारण बटर की मार्जरीन हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. घरात आणखी दोन फॅट पडून असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. एक तेल. समजा लिटरला १६० रुपये. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम आणि ते सगळंच्या सगळं फॅट, म्हणजे ग्रॅमला जेमतेम साडेसतरा पैसे. दुसरं तूप. त्याच जीएसटी कपातीनंतर अमूल तुपाचा लिटरचा दर ६१० रुपये जाहीर झाला होता. भागाकार केला तर ग्रॅमला सदुसष्ट पैसे. म्हणजे साजूक तूप बटरपेक्षा स्वस्त पडतंय! तूप म्हणजे काय, तर बटरमधलं पाणी कढवून उडवलेलं. आपण मात्र तुपाला श्रीमंती आणि बटरला रोजचं समजून चाललोय. हे दर तुमच्या दुकानात वेगळे असतील, तेव्हा आकडे बदलून घ्या, भागाकार तोच ठेवा.

मोहन घालणारी आजी आणि केक

फॅट केकमध्ये करतो काय? हे समजायला यूट्यूबची गरज नाही. दिवाळीत घरी शंकरपाळे होतात तेव्हा पिठात कडकडीत तूप किंवा तेल घालतात, त्याला मोहन म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. मोहन पिठाला चोळायचं, मग मुठीत पीठ दाबून बघायचं. मूठ वळली तर मोहन पुरेसं. असं का करतात? मैद्यात पाणी पडलं की त्यातल्या प्रथिनांचं ग्लूटेन तयार होतं आणि पीठ रबरासारखं ताणलं जातं. पोळीला हे हवं असतं, शंकरपाळ्याला नको असतं. मोहन मैद्याच्या कणांना आधीच वेढून टाकतं, त्यामुळे पाणी नीट पोचत नाही, ग्लूटेन कमी होतं आणि शंकरपाळा खुसखुशीत होतो. बिस्किटात, टार्टच्या पारीत बटर हेच काम करतं. आणि या कामापुरतं बोलायचं तर बटर, मार्जरीन, तूप, वनस्पती सगळे कमी-अधिक सारखेच. करंजीच्या साट्यात पिढ्यान्‌पिढ्या डालडा चालला तो काही उगाच नाही.

दुसरं काम हवा भरण्याचं. बटर आणि साखर फेटताना साखरेचे टोकदार कण फॅटमध्ये घुसतात आणि बारीक बारीक बुडबुडे अडकवतात. मिश्रण पांढरट, हलकं होतं. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, ती आहेत तेच फुगवते. म्हणून फेटणं कच्चं राहिलं की केक बसतो, मग पावडर कितीही घाला. आता हे काम घट्टसर पण मऊ फॅटच करू शकतो. पातळ तेलात बुडबुडा टिकत नाही.

आणि इथेच आपल्या हवामानाचा दणका बसतो. बटर फेटायला सगळ्यात बरं तापमान साधारण १८ ते २१ अंश. परदेशी रेसिपीत 'रूम टेम्परेचर बटर' लिहितात ते त्यांच्या रूमचं टेम्परेचर! बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. नागपूर, अकोला, संभाजीनगरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या नाहीतर वरच्या मजल्यावरच्या खोलीत, बटर बाहेर काढून ठेवलं की अर्ध्या तासात त्याची आमटी होते. मग तुम्ही साखर घालून दहा मिनिटं हात दुखेपर्यंत फेटा, हवा भरणारच नाही. मार्जरीन या बाबतीत सरळ सरळ सरस आहे. त्याची रचनाच अशी करतात की ते थंडीत दगड होत नाही आणि उन्हाळ्यात चटकन पाघळत नाही. उन्हाळ्यात, फ्रीज नसलेल्या खोलीत, हातानं फेटून साधा स्पंज करायचा असेल तर बटरपेक्षा मार्जरीननं केक जास्त फुलण्याची शक्यता आहे. बटरच वापरायचं असेल तर भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेटा आणि मिश्रण तेलकट दिसायला लागलं की दहा मिनिटं थांबा.

तिसरं काम चवीचं. यात मात्र मार्जरीनला बटरची बरोबरी करता येत नाही. बटरमधले दुधाचे घन पदार्थ ओव्हनमध्ये तांबूस होतात आणि तो खमंग वास येतो, ज्यानं पुण्यात कॅम्पातल्या बेकरीसमोर माणूस सकाळी सकाळी रांगेत उभा राहतो. शिवाय बटर तोंडाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून बिस्कीट जिभेवर विरघळल्यासारखं वाटतं. मार्जरीनमध्ये बटरचा वास घातलेला असतो, पण भाजताना तो बटरसारखा फुलत नाही.

मग कुठे काय घालायचं?

माझं मत सरळ आहे. चव जिथे बटरचीच आहे, तिथे बटर किंवा तूप. जिथे दुसरंच काहीतरी जोरात बोलतंय, तिथे बटरवर एक रुपयाही जास्त घालू नका.

चॉकलेट केक घ्या. कोको पावडर, कॉफी, व्हॅनिला यांच्या गलक्यात बटरची चव शोधूनही सापडत नाही. तीच गोष्ट केळ्याच्या केकची, गाजराच्या केकची, मसाला घातलेल्या केकची. इथे तेल वापरा. तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि फ्रीजमध्ये ठेवला तरी बटरच्या केकसारखा कडक होत नाही. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल बरं. घाण्याचं शेंगदाणा तेल चिवड्याला छान असतं, पण केकला त्याचा वास लागतो. एक पथ्य पाळा. बटर फेटायच्या रेसिपीत नुसतं बटरच्या जागी तेल ओतू नका, कारण हवा भरण्याचं काम करायला कुणी उरत नाही. मुळातच तेलाची असलेली रेसिपी निवडा. दही आणि खायच्या सोड्याचा बिनअंड्याचा केक हा त्यातला हमखास जमणारा, कुकरमध्येही होतो. किंवा अंडी आणि साखर खूप वेळ फेटून हवा तिथे भरा आणि तेल शेवटी घाला. प्रमाण सोपं आहे. १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम तेल आणि वरून चमचाभर दूध, बटरमधल्या पाण्याची भरपाई म्हणून. वाढदिवसाच्या त्या २०० ग्रॅम बटरला ११६ रुपये लागले असते. १६० ग्रॅम तेलाला साधारण २८ लागतील. उरलेल्या ८८ रुपयांचं चांगलं चॉकलेट आणा, ते सगळ्यांना कळेल.

ब्राउनी थोडी वेगळी. तिच्यात बटर वितळवूनच घालतात, म्हणजे फेटायचा प्रश्न नाही. अर्धं बटर, अर्धं तेल घाला. बटरचा वास राहतो आणि तेलामुळे ब्राउनीचा तो मधला ओलसर, चिवट-मऊपणा उलट वाढतो.

नानकटाई आणि साधी बिस्किटं हा तुपाचा प्रांत आहे. तूप आणि पिठीसाखर समप्रमाणात, मैदा साधारण त्याच्या दुप्पट, थोडा रवा किंवा बेसन, वेलदोडा. तूप फेसायला मात्र घट्ट, रवाळ हवं. पातळ असेल तर थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, मग साखर घालून हातानं पांढरं होईपर्यंत फेसा. यात फॅट स्प्रेड घातलात तर नानकटाई पसरते, फुगते आणि मऊ पावासारखी होते, कारण आत पाणी आहे. बाकी कुठल्या एका पदार्थात तो डबा टाळायचाच असेल, तर तो हा. कुठलीही बिस्किटं बटरनं करत असाल तर थापून झाल्यावर ताट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गार बटर उशिरा वितळतं, तोवर कडा धरतात.

साधा व्हॅनिला केक किंवा पाउंड केक, ज्यात लपायला काही जागाच नाही, तिथे बटर हवं. पैसे अगदीच कमी असतील तर अर्धं बटर, अर्धं केकचं मार्जरीन करा. बटरचा वास येतो, मार्जरीनमुळे फुलतोही चांगला. बेकरीवाल्यांचा हा जुना मधला मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

घरी राहत असाल तर एक खजिना फुकटात आहे. सायीचं लोणी. आठवडाभराची साय, विरजण, घुसळण, आणि वर आलेला पांढरा गोळा. परदेशी रेसिपीत 'अनसॉल्टेड बटर' म्हणून जे भाव खात असतं, ते हेच. फक्त ते दोन-तीनदा गार पाण्यात धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, आणि दाबून दाबून ताक-पाणी काढून टाका, नाहीतर केक चिकट होईल. लोणी ताजंच घ्या. आठ दिवसांचं आंबूस लोणी तूप कढवायला ठेवा, आईशी वाद होणार नाही. आणि ते पांढरं दिसतं म्हणून बिचकू नका. म्हशीच्या दुधाच्या फॅटमध्ये कॅरोटीन जवळपास नसतं म्हणून ते पांढरं. बाजारातल्या बटरचा पिवळेपणा बऱ्याचदा घातलेल्या रंगाचा असतो.

मीठ विसरू नका

आपलं नेहमीचं पाकिटातलं बटर पावाला लावायचं आहे, त्यामुळे खारट. त्यात साधारण २ ते ३ टक्के मीठ असतं. म्हणजे २०० ग्रॅम बटरबरोबर ४ ते ६ ग्रॅम, जवळजवळ एक छोटा चमचा मीठ केकमध्ये आपोआप जातं. रेसिपीतली 'चिमूटभर मीठ' ही ओळ खोडून टाका. केकच्या गोडात हे मीठ खपून जातं, उलट बरंच लागतं. बटरक्रीम करताना मात्र खपत नाही. गुलाबाची फुलं काढलेलं सुंदर क्रीम आणि चव खारी शेवेची, असला प्रकार होतो. क्रीमसाठी बिनमिठाचं बटर किंवा ताजं लोणी घ्या. उन्हाळ्यात खोलीत टिकायला हवं असेल तर क्रीमचं मार्जरीन त्यात निम्मं मिसळा.

इन्स्टावरच्या अमेरिकन रेसिपीत 'वन स्टिक बटर' येतं, तेव्हा आपलं १०० ग्रॅमचं पाकीट समजू नका. त्यांची स्टिक ११३ ग्रॅमची. एक कप बटर म्हणजे २२७ ग्रॅम. दोन पाकिटं घालून केक कोरडा झाला तर दोष ओव्हनचा नसतो. आणि टिनला आतून लावायला बटर वापरून वाया घालवू नका. तेलाचं बोट फिरवा, वर मैदा भुरभुरा. बटरमधले दुधाचे घन पदार्थ उलट चिकटतात.

गुलाबी मार्जरीनची गोष्ट

गंमत अशी की मार्जरीनचा जन्मच बजेटमधून झालाय. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला सैन्याला आणि गरिबांना परवडेल असा बटरचा पर्याय हवा होता, त्यासाठी त्यानं बक्षीस लावलं. १८६९ मध्ये इपोलित मेज-मुरिये या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं ते केलं, तेही गाईच्या चरबीपासून. वनस्पती तेलं नंतर आली. अमेरिकेतले दूधवाले इतके चिडले की काही राज्यांनी मार्जरीन गुलाबी रंगवूनच विकायचा कायदा केला, म्हणजे कुणी बटर समजून फसायला नको आणि हौसेनं घ्यायलाही नको. १८९८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं तो प्रकार थांबवला.

आपल्याकडे गुलाबी रंग दुसऱ्या वाटेनं आला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला, वनस्पती तूप घरोघरी पोचलं आणि साजूक तुपात भेसळीची भीती सुरू झाली. त्यावर तोड निघाली तिळाच्या तेलाची. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. प्रयोगशाळेत तुपाच्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की तिळाचं तेल गुलाबी-लाल रंग देतं, म्हणजे तुपात वनस्पती मिसळलंय. बीएस्सीवाल्यांनी ही बोडूअँ टेस्ट प्रॅक्टिकलला केली असेल. बटर आणि खुशामत यांचं नातंही जुनंच. लोणी लावणं, मस्का मारणं आपण अजून म्हणतो, पण मुंबईत एकेकाळी त्याला 'पॉलसन लावणं' म्हणत. पॉलसन हे अमूलच्या आधीचं नावाजलेलं बटर.

आणि तब्येतीचं?

फॅमिली ग्रुपवर 'मार्जरीन प्लास्टिकपासून एका रेणूच्या अंतरावर आहे' असा फॉरवर्ड आला असेल. रसायनशास्त्रात असलं अंतर मोजत नाहीत, तो सोडून द्या. खरी भानगड ट्रान्स फॅटची होती. तेल घट्ट करायला त्यात अर्धवट हायड्रोजन मिसळत, त्यातून ट्रान्स फॅट तयार होत आणि ते हृदयाला वाईट. एफएसएसएआयनं तेल आणि फॅटमधली त्याची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ५ वरून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. त्यामुळे आजचं नामांकित पाकीट आणि आजीच्या काळातला डालडा एकाच मापानं मोजू नका. मात्र सुट्टं, लेबल नसलेलं, पिशवीत बांधून दिलेलं मार्जरीन घेऊ नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बटर त्याच्याहून पुण्यवान आहे असं समजून दुप्पट खाऊ नका. १०० ग्रॅम बटरमध्ये साधारण ५० ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट असतो. मार्जरीनमध्ये पामतेल असेल तर त्यातलाही निम्म्याच्या आसपास भाग सॅच्युरेटेड. केक हा वाढदिवसाचा पदार्थ आहे, डब्याचा नाही. एखादी मैत्रीण व्हीगन असेल तर मात्र मार्जरीनवर विसंबण्याआधी घटक वाचा, काहींत दुधाची पावडर असते.

विकायला लागलात तर

कॉलेजात हल्ली प्रत्येक वर्गात एक तरी जण ब्राउनी विकतोच. हॉस्टेलच्या खोलीतून, डीएमवर ऑर्डर घेऊन. इथे फॅटचा प्रश्न फक्त तुमच्या खिशाचा राहत नाही. १६ ब्राउनींच्या एका घाण्यात २०० ग्रॅम बटर घातलंत तर नगामागे सव्वासात रुपयांचं बटर जातं. अर्धं बटर आणि अर्धं तेल केलंत तर साधारण साडेचार रुपये. फरक पावणेतीन रुपयांचा. आठवड्याला शंभर नग जात असतील तर २७५ रुपये होतात, एखाद्याच्या मेसच्या चार-पाच जेवणांएवढे. हा फरक जरूर वाचवा, पण मग स्टोरीत 'प्युअर बटर' लिहू नका. मार्जरीन वापरून 'बटर कुकीज' विकणं ही सरळ सरळ खोटी जाहिरात आहे, ती मोठ्या कंपनीनं केली काय आणि सेकंड इयरच्या मुलीनं केली काय. गिऱ्हाईक तुमच्याच बेंचवर बसतं. बॉक्सवर एक चिठ्ठी लावा, मैदा, साखर, कोको, अंडं, बटर, सूर्यफूल तेल. अंडं आणि दूध लिहाच, कुणाचा उपवास असतो, कुणाला ॲलर्जी असते. घरून विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती ऑनलाइन करता येते.

आणि कुठला फॅट ठेवायचा हे ठरवण्याआधी एकदा हे करून बघा. नानकटाईचं पीठ तीन वाटग्यांत करा, एकात बटर, एकात केकचं मार्जरीन, एकात तूप. फॅट समान राहायला हवा, म्हणून बटर आणि मार्जरीन १००-१०० ग्रॅम, तूप ८०. बटरमध्ये मीठ आहे, तर बाकी दोन्हींत दोन चिमटी घाला. एकाच ताटात तीन रांगा लावा आणि कुठली कशाची ते कागदावर लिहून ठेवा. खाणाऱ्यांना काही सांगू नका, फक्त कुठली रांग आधी संपते ते बघा. एक-दोन नग डब्यात झाकून ठेवा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखा, कारण ऑर्डर घेतली की पदार्थ त्याच दिवशी खाल्ला जाईल याचा भरवसा नसतो. उरलेलं बटर कागदासकट हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका, तिथे ते काही महिने टिकतं. फक्त चिरलेल्या कांद्याच्या वाटीशेजारी ठेवू नका.